हाफकिन नावाचा माणूस

परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाफकिन हा एक माणूस होता, आणि तोही थेट ओडेसाचा, हे आमच्या विंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. एकाने तर मला ती जर्मन कंपनी आहे असं ठणकावून सांगितलं! म्हणून हा लेखनप्रपंच.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट अडली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८८९ साली जागा मिळाली ती ग्रंथालयात, साहाय्यक म्हणून. पुस्तकं सांभाळता सांभाळता त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग भडकला. हाफकिनना ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालं काय? एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले आणि त्यांच्या आधाराने प्लेगचे जिवाणू वाढवले. मग उष्णतेने ते मारून लस केली. जेमतेम तीन महिन्यांत! १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगात.

खरी परीक्षा पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटलं, पद गेलं. पण बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे लक्षात आलं. शिवाय धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते तर बाटलीला दुर्गंधी आली असती, तशी ती नव्हती. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण मुंबईची खुर्ची परत मिळाली नाही. १९३० मध्ये लोझानला त्यांचं निधन झालं. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं होतं, एवढंच समाधान.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, माल कितीही चांगला असो, शेवटच्या हातापर्यंत तपासणी हवी आणि तिची नोंदही हवी. बॅच नंबर लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुसरी, साथ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीची तयारी स्वस्त पडते. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला कोरोना रुग्ण केरळात सापडला, तेव्हा नमुना तपासला पुण्याच्या एनआयव्हीने. ही संस्था १९५२ सालीच उभी राहिलेली. विषाणू नवा होता, पण यंत्रं, माणसं आणि तपासणीची सवय जुनी होती. हाफकिनना मात्र व्हरांड्यापासून सुरुवात करावी लागली होती.