आजचं मनन : बारा वर्षांनी मंडळीत

वाचन : इब्री लोकांस पत्र १०:२४-२५



विश्वासणाऱ्यांनी एकत्र जमणं सोडू नये, असं आजच्या वाचनात आहे. मला हे वचन लहानपणापासून पाठ आहे. तरीही साडेतीन वर्षं मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. लॉकडाऊनमध्ये उपासना मोबाईलवर आली. पुढे चर्चची दारं उघडली, पण मी मोबाईलवरच राहिलो. हातात चहा, संदेश दीडपट स्पीडवर, गाणी फॉरवर्ड. घरी प्रार्थना करतोच की, मग जायलाच कशाला हवं, असं मी स्वतःला समजावायचो.

याचं उत्तर मला जॉन बन्यनच्या आयुष्यात मिळालं. त्याचं पुस्तक 'यात्रिक क्रमण' या नावाने हरी केशवजींनी १८४१ मध्ये मराठीत आणलं. तुमच्यापैकी काहींच्या आजीच्या कपाटात ते असेलही.

बन्यनचा जन्म १६२८ मधला, इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा. वडिलांसारखाच तोही भांडी दुरुस्त करत फिरायचा, आपल्याकडे कल्हईवाला फिरायचा तसा. शिक्षण जेमतेम. एकदा कामासाठी बेडफर्डला गेला असताना काही गरीब बायका दारात उन्हात बसून देवाने आपल्यासाठी काय केलं ते बोलत होत्या. तो जवळ जाऊन ऐकू लागला. त्यांच्या बोलण्यातला आनंद आपल्याकडे नाही, हे त्याला कळलं. त्याच बायकांमुळे तो त्यांच्या लहानशा मंडळीत गेला. म्हणजे बघा, त्याच्या विश्वासाची वाट सुरुवातीपासूनच दुसऱ्यांच्या संगतीतून गेली.

पुढे तो संदेश देऊ लागला. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स परत आला आणि सरकारी चर्चच्या बाहेर उपासनेसाठी जमणाऱ्यांवर जुना कायदा पुन्हा लागू झाला. बन्यनच्या मंडळीची जागाही गेली. त्या नोव्हेंबरमध्ये एका खेड्यात संदेश द्यायचा होता. पकडण्याचा हुकूम निघालाय, हे त्याला आधीच कळलं होतं. तरी तो गेला, आणि तिथेच अटक झाली.

इथे मी वाचता वाचता थांबलो. घरात एकट्याने प्रार्थना करायला त्याला कोणाचीच मनाई नव्हती! गुन्हा होता तो लोकांना एकत्र जमवण्याचा. तेवढं बंद करतो म्हणाला असता तर सुटला असता. म्हणजे मी ज्या सोयीच्या भक्तीवर समाधान मानलं होतं, तीच त्याला सुटकेची अट म्हणून मिळत होती. त्याने ती नाकारली.

किंमत लहान नव्हती. पहिल्या बायकोची चार मुलं घरी होती, त्यातली थोरली मेरी आंधळी. दुसरी बायको एलिझाबेथ गरोदर होती. अटकेच्या धक्क्याने अवेळी बाळंत झाली, मूल गेलं. तरी १६६१ मध्ये ती न्यायाधीशांपुढे उभी राहून नवऱ्यासाठी बोलली. उपयोग झाला नाही. बन्यन तुरुंगात नाड्यांना धातूची टोकं लावायचा आणि त्या पैशांनी घराला हातभार लावायचा. मेरीच्या विचाराने त्याचा जीव तुटायचा. तीन महिन्यांची शिक्षा, पण अट मान्य न केल्याने ती बारा वर्षं लांबली.

सुरुवातीला तुरुंगाचा अधिकारी त्याला अधूनमधून बाहेर सोडायचा. अशा वेळी बन्यन मंडळीला भेटायला जायचा. ही गोष्ट वर कळली, अधिकाऱ्याची नोकरी जाता जाता वाचली आणि बाहेर जाणं बंद झालं.

जानेवारी १६७२ मध्ये मंडळीने त्याला आपला पाळक निवडलं, सुटकेचे कागद होण्याआधीच! मार्चमध्ये राजाने बंदी सैल केली, मे महिन्यात बन्यनला परवाना मिळाला. मंडळी एका फळबागेतल्या कोठारात जमू लागली. इतकी वर्षं लपतछपत भेटणारी माणसं आता दार उघडं ठेवून गात होती आणि त्यांच्यासमोर त्यांचा पाळक उभा होता. त्यांना काय वाटलं असेल!

१६७८ मध्ये त्याचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यातला यात्रेकरूही शेवटपर्यंत एकटा चालत नाही. शेवटच्या नदीत तो बुडू लागतो तेव्हा आशेचं नाव असलेला सोबती त्याचं डोकं पाण्यावर धरतो. बारा वर्षं मंडळीसाठी झुरलेल्या माणसानेच हे लिहावं, यात मला नवल वाटत नाही. बन्यन १६८८ मध्ये लंडनला वारला, पण बेडफर्डची मंडळी त्याने सोडली नाही.

गेल्या महिन्यात मी गेलो. मागच्या बाकावर बसलो. कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची तयारी करून गेलो होतो. शेजारच्या मावशींनी काही न विचारता 'उपासना संगीत' माझ्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. माझा सूर चुकत होता, त्यांचाही चुकत होता. दुसऱ्या कडव्याला माझा गळा दाटून आला, तेव्हा त्या गातच राहिल्या. माझ्या वाटचं गाणंसुद्धा कोणीतरी गात होतं. मोबाईलवर हे कधीच झालं नसतं.

आजारपणामुळे किंवा शिफ्टमुळे ज्यांना जाता येत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नका. बन्यनलाही जाता येत नव्हतं. अशा एकाला आज फोन करा, जमलं तर घरी जा. आणि माझ्यासारखं ज्यांना फक्त सोयीचं झालंय, त्यांनी या रविवारी मागचा बाक गाठा. मी तिथेच असेन.

प्रार्थना : प्रभू, ज्या दारासाठी इतरांनी बारा वर्षं वाट पाहिली, ते माझ्यासाठी उघडं आहे. मला आत येऊ दे, आणि येताना कोणाला तरी सोबत आणू दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.