विश्लेषण : चेहऱ्यावरील टाक्यांची पद्धत बदलणारे सर हॅरॉल्ड गिलीज कोण होते?

हातापायावरचे टाके कपड्याखाली झाकता येतात, चेहऱ्यावरचे नाही. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढताच नाक, गाल किंवा जबडा गमावणाऱ्या सैनिकांमुळे हा प्रश्न हजारोंचा झाला.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १८८२ मध्ये जन्मलेले गिलीज केंब्रिजमध्ये शिकले आणि लंडनमध्ये कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. गोल्फही उत्तम खेळत. १९१५ मध्ये ते फ्रान्सला गेले. आघाडीवर तेव्हा जखमेच्या कडा ओढून घाईने शिवल्या जात. जखम बंद व्हायची, पण मधले मांसच गेलेले असल्याने व्रण आक्रसून तोंड वाकडे व्हायचे, पापणी खाली ओढली जायची. गिलीज यांनी क्रमच बदलला. आधी शाबूत भाग मूळ जागी बसवायचा, किती मांस कमी पडते ते पाहायचे आणि तेवढेच दुसरीकडून आणायचे. त्यासाठी अनेकदा आधीचे टाके उसवावे लागत.

कपाळाची कातडी वळवून नाक घडवण्याची पद्धतही त्यांनी वापरली. पुण्यातील अशाच एका शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले होते.

१९१७ मध्ये सिडकप येथे खास रुग्णालय सुरू झाले. तिथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर ११ हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी एका भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना, उचललेल्या कातडीच्या कडा आपोआप आत वळत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी त्या कडा एकमेकींना शिवून नळी केली. आतला भाग झाकला गेल्याने संसर्गाचा धोका घटला आणि रक्तपुरवठाही टिकला. (ओडेसातील फिलातोव्ह यांनाही ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती.)

सगळेच जमले असे नाही. एका भाजलेल्या वैमानिकाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी मोठी कातडी बसवण्याचा प्रयत्न फसला, १९१८ मध्ये तो दगावला. त्यानंतर गिलीज टप्प्याटप्प्यानेच काम करू लागले.

त्यांच्या नावाचा कोपऱ्याचा टाका आजही वापरात आहे. साध्या टाक्यात सुई दोन्ही कडांच्या कातडीतून आरपार जाते. त्रिकोणी जखमेच्या टोकाला असा टाका आवळला, तर तिथला तुटपुंजा रक्तपुरवठा थांबून टोक काळे पडू शकते. गिलीज टाक्यात दोरा टोकाच्या आतल्या थरातून आडवा जातो. गाठ समोरच्या कडेवर बसते.

१९३० मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. ऑगस्ट १९६० मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, एका तरुणीच्या पायावर शस्त्रक्रिया करत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. १० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.