इरावती कर्वे
इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर १९०५ – ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ व मराठी लेखिका होत्या. त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला. बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममिततेवर संशोधन केले. युरोपीय वंशाचे बौद्धिक श्रेष्ठत्व कवटीच्या रचनेत दिसते, अशी फिशर यांची धारणा होती. प्रत्यक्ष मोजमापांत मात्र वंश व असममितता यांचा संबंध आढळला नाही. हा प्रतिकूल निष्कर्षच कर्वे यांनी प्रबंधात मांडला. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रातील जातींच्या शारीरिक मोजणीबरोबरच त्यांनी नातेसंबंध, भाषा व प्रदेश यांचाही अभ्यास केला. ‘युगान्त’ या ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.