व्हीआर हेडसेट, तांब्याचा बंब आणि डॉ. बारानी

सोनगीरजवळ हायवेवर माझा मित्र बाइकवरून पडला. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण उठलं की त्याला गरगरायचं, मोबाइलकडे बघवत नव्हतं. घरच्यांना वाटायचं, नाटकं करतोय. मी माहिती शोधत बसलो आणि रॉबर्ट बारानी सापडले.

जन्म १८७६, व्हिएन्ना. लहानपणी हाडांचा टीबी झाला, गुडघा कायमचा आखडला. पुढे कानाचे डॉक्टर झाले. पिचकारीने कान धुताना पेशंटना चक्कर यायची. एकाने पाणी गार असल्याची तक्रार केली, म्हणून त्यांनी ते तापवलं. ते जास्तच गरम झालं आणि पुन्हा चक्कर! पण या वेळी डोळ्यांचे झटके उलट्या दिशेने. अंगाइतकं कोमट पाणी वापरलं तर काहीच नाही.

कोडं सुटलं बंबामुळे. बंब पेटवला की वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, हे त्यांनी लहानपणी अनुभवलं होतं. (सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे सांगायला नको.) कानाच्या आतल्या नळ्यांमधल्या द्रवाचंही तसंच होतं. तो हलला की मेंदूला वाटतं डोकं फिरतंय, आणि डोळे झटके देतात.

पहिल्या महायुद्धात, गुडघा तसा असूनही, ते लष्करी डॉक्टर झाले. डोक्याला जखम झालेले सैनिक त्यांना अभ्यासायचे होते. १९१५ मध्ये रशियाच्या कैदेत पडले आणि १९१४ चं नोबेल मिळाल्याचं तिथंच कळलं! स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केल्यावर १९१६ मध्ये सुटले. घरी आले तर सहकाऱ्यांनी श्रेय लाटल्याचा आरोप केला. ते कंटाळून स्वीडनला उप्सालाला गेले, १९३६ मध्ये तिथंच वारले.

आजचे व्हीआर हेडसेट त्याच वाटेने जातात. स्क्रीनवर ठिपका गोल फिरतो, आतले कॅमेरे बघतात की डोळे मागे पडतात की पुढे उडी मारतात. अमेरिकेत खेळाडूंसाठी ‘आय-सिंक’ असंच वापरतात. मात्र फोन घालायच्या स्वस्त डब्यात असे कॅमेरे नसतात, उगाच प्रयोग करू नका. आणि मेंदूत रक्तस्राव आहे का, हे हेडसेट सांगत नाही. त्यासाठी सीटीच लागतो.

मित्राला परत डॉक्टरांकडे नेलं. हेडसेट नव्हता. त्यांनी नुसतं बोट फिरवून डोळे त्यामागे न्यायला सांगितलं. डोळे अडखळले, ते त्याच्या वडिलांनीही पाहिलं. त्यानंतर घरात नाटकं हा शब्द निघाला नाही.