वॉल्टर हार्पर

वॉल्टर हार्पर (जन्म: १८९३, मृत्यू: २५ ऑक्टोबर १९१८) हे अलास्काच्या अंतर्भागातील कोयुकॉन अथाबास्कन समाजातील शिकारी, वाटाडे व गिर्यारोहक होते. ७ जून १९१३ रोजी उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च शिखर देनाली (६,१९० मीटर) याच्या माथ्यावर सर्वप्रथम त्यांचे पाऊल पडले.

बालपण

वडील आर्थर हार्पर हे आयरिश व्यापारी व सोन्याचे शोधक, तर आई जेनी ही कोयुकॉन होती. आठ भावंडांत वॉल्टर सर्वांत धाकटे. थोरल्या भावंडांना वडिलांनी शिक्षणासाठी सान फ्रान्सिस्कोला धाडले. वॉल्टर आईजवळच राहिले. युकॉन व तनाना या नद्यांच्या संगमाजवळ आईने त्यांना आपल्या भाषेत व आपल्या रीतीने वाढवले. उन्हाळ्यात नदीकाठच्या तळावर सामन मासे पकडायचे, चिरून मांडवावर वाळवायचे व धुरावायचे. शरदात मूस आणि कॅरिबूची शिकार करायची. हिवाळ्यात सापळे लावायचे, असे त्यांचे वर्ष चाले. (सामनचे भाषांतर मराठीत पुष्कळदा ‘रावस’ असे केले जाते, परंतु रावस हा वेगळा मासा आहे.) सुकवलेल्या सामनवर माणसांचाच नव्हे, तर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचाही हिवाळा निघत असे. मासा आला नाही तर शिकारीची वाटही बंद होई, कारण कुत्र्यांवाचून दूरच्या शिकारीला जाता येत नसे.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते नेनाना येथील मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे आर्चडीकन हडसन स्टक यांनी त्यांना हेरले. पुढे स्टक यांच्या प्रवासांत ते दुभाषी, कुत्रागाडीचे चालक आणि ‘पेलिकन’ या बोटीचे सुकाणूधारी झाले.

देनालीची चढाई

स्टक, हॅरी कार्स्टन्स, रॉबर्ट टाटम आणि हार्पर यांची मोहीम मार्च १९१३ मध्ये नेनानाहून निघाली. पायथ्याशी त्यांनी कॅरिबू व रानमेंढ्यांची शिकार केली. ते मांस शिजवून, लोणी-मीठ घालून त्याचे गोळे वळले गेले. वरच्या हिमनदीवर मुख्य अन्न हेच होते. वाटेत तळाला आग लागून साखर, सुकी फळे व तंबू जळाले, तेव्हा या मांसाचे मोल अधिकच वाढले. १९१२ च्या भूकंपाने मोडतोड झालेल्या कड्यावर हार्पर व कार्स्टन्स यांनी तीन आठवडे बर्फात पायऱ्या खोदल्या. शेवटच्या दिवशी हार्पर अग्रभागी होते. १९१० मध्ये खाणकामगारांनी उत्तर शिखरावर रोवलेला ध्वजदंड याच चढाईत प्रथम हार्पर यांच्याच नजरेस पडला. शिकाऱ्याची ती नजर होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

जॉनी फ्रेडसन हा ग्विचिन मुलगा पायथ्याचा तळ सांभाळत होता. परतणाऱ्यांसाठी त्याने आपल्या वाट्याची साखर राखून ठेवली होती. पुढे याच फ्रेडसनने व्हेनेटी येथील शिकारीची भूमी आपल्या समाजासाठी राखीव करून घेण्यात पुढाकार घेतला (१९४३).

उत्तरायुष्य

मोहिमेनंतर हार्पर मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन शाळेत शिकले व १९१६ मध्ये परतले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात त्यांनी स्टक यांच्यासह कुत्रागाडीने आर्क्टिक किनाऱ्याची फेरी केली. ४ सप्टेंबर १९१८ रोजी फोर्ट युकॉन येथे परिचारिका फ्रान्सिस वेल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वैद्यकीय शिक्षण घेऊन आपल्या लोकांत परतावे, असा त्यांचा मानस होता. त्यासाठी निघालेले हे दाम्पत्य ‘प्रिन्सेस सोफिया’ या जहाजावर होते. व्हँडरबिल्ट खडकावर अडकलेले जहाज २५ ऑक्टोबरला बुडाले आणि त्यावरील ३४० हून अधिक प्रवासी व खलाशी, सर्वच मरण पावले. जूनो येथे दोघांना शेजारी-शेजारी पुरण्यात आले.

नंतरचा काळ

त्याच १९१८ साली युकॉनच्या मुखाशी सामन डबाबंद करणारा कारखाना सुरू झाला. वरच्या गावांची उपासमार होईल, या चिंतेने स्टक यांनी १९२० मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्याविरुद्ध झगडा केला. आजचे संकट त्याहून गुंतागुंतीचे आहे. २०१९ च्या उष्ण उन्हाळ्यात कोयुकुक नदीत अंडी घालण्यापूर्वीच मेलेले चम सामन मोठ्या संख्येने आढळले. २०२४ मध्ये युकॉनमधील चिनूक सामनची मासेमारी ७ वर्षे थांबवण्याचा करार अमेरिकन व कॅनेडियन अधिकाऱ्यांमध्ये झाला. नदीवरचे बर्फही आता उशिरा गोठते व लवकर फुटते, त्यामुळे शिकाऱ्यांच्या नेहमीच्या वाटा धोक्याच्या झाल्या आहेत. हार्पर ज्या काठावर मासे चिरायला शिकले, तेथील अनेक तळ उन्हाळ्यातही ओस असतात.