वैमानिक मनमोहन सिंग यांचे स्मरण

जे आपल्या धर्माचे नव्हते, आपल्या प्रांताचे नव्हते आणि ज्यांनी आपले शहर कधी पाहिले होते की नाही हेही सांगता येत नाही, अशा एका गृहस्थांचे चरित्र आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी अंकात कशासाठी, असे कोणी वाचक आम्हांस विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की, ते सर्वस्वी परके नव्हते. आजचे छत्रपती संभाजीनगर त्या काळी औरंगाबाद ह्या नावाने निजामांच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि त्या संस्थानाचे नाव ब्रिटिश हवाई दलाच्या पथकांनी धारण केले होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, निजामांच्या देणगीतून विमाने मिळालेले ११० क्रमांकाचे पथक आणि दुसऱ्या महायुद्धातील १५२ क्रमांकाचे पथक ही दोन्ही हैदराबादच्या नावाने ओळखली जात. त्याच हवाई दलात जे मोजके हिंदी तरुण स्वखुशीने दाखल झाले, त्यांपैकी मनमोहन सिंग हे एक होत.

त्यांचा जन्म १९०६ साली रावळपिंडी येथे एका शीख कुटुंबात झाला. इंग्लंडात ब्रिस्टल येथे स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेत असता त्यांस विमानविद्येची गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही.

१९२९ साली आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी वैमानिक एकट्याने व नेमलेल्या मुदतीत प्रथम पुरा करील, त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. मनमोहन सिंग एका चिमुकल्या जिप्सी मॉथ विमानातून निघाले. विमानाचे नाव त्यांनी ‘मिस इंडिया’ असे ठेविले होते. पहिले प्रयत्न फसून ते माघारी आले, तेव्हा लंडनच्या एका विमानविषयक पत्राच्या संपादकाने त्या नावावर कोटी केली. मिस म्हणजे कुमारी, तसेच मिस म्हणजे हुकणे, तेव्हा ह्यांची इंडिया हुकणारच, असा तिचा भाव होता. कोटी चतुर खरी, पण ती करणारा खुर्चीत बसला होता आणि ज्यांच्यावर केली ते उघड्या विमानात थंडीवारा सोशीत होते. अखेरीस १९३० साली ते कराचीस पोहोचले. इंडिया हुकली नाही. हुकली ती मुदत. बक्षीस ॲस्पी इंजिनिअर ह्या सतरा वर्षांच्या पारशी मुलास मिळाले. कराचीहून उलट दिशेने निघालेले जे. आर. डी. टाटा हे तिसरे स्पर्धक. ईजिप्तमध्ये अबुकीर येथे ॲस्पी विमानाच्या प्लगांवाचून अडकले असता टाटांनी आपल्या जवळचे प्लग त्यांस दिले आणि स्वतः शर्यत गमावली. ॲस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांविषयी तर वाचकांस सांगावयास नकोच. त्या तिघांत मनमोहन सिंग यांचेच नाव मागे पडले.

त्यांनी मात्र उड्डाण सोडले नाही. इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेपर्यंत एकट्याने विमान नेणारे पहिले हिंदी वैमानिक तेच. युद्ध पेटल्यावर १९४० साली चोवीस हिंदी वैमानिकांची एक तुकडी विलायतेस गेली, तीत ते होते. वयाने चौतिशीतले, बाकीचे बहुतेक तरुण पोर. म्हणून सोबती त्यांस ‘चाचा’ म्हणत. त्यांच्या वाट्यास आली ती पाण्यावरून उडणारी व पाण्यावरच उतरणारी अवाढव्य विमाने, ज्यांस ‘फ्लाइंग बोट’ म्हणतात. प्रथम अटलांटिक महासागरावर संडरलंड आणि नंतर अतिपूर्वेत कॅटलिना जातीचे विमान त्यांनी चालविले.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि जावा बेटही जपान्यांच्या हाती जाऊ लागले. तेथील डच बायकामुलांस घेऊन विमाने ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रूम ह्या मोत्यांच्या धंद्याच्या लहानशा गावी येऊ लागली. ब्रूमच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक तीस फुटांच्या आसपास जातो. ओहोटीत मैलभर चिखल उघडा पडतो, नावेने किनारा गाठता येत नाही. गावात राहावयास जागा नव्हती, म्हणून पुष्कळ निर्वासितांनी रात्र विमानांतच काढली. ३ मार्च रोजी सकाळी पेट्रोलची वाट पाहत नांगरून पडलेल्या त्या विमानांवर नऊ जपानी झिरो विमाने तुटून पडली. त्यांना अडविणारे एकही लढाऊ विमान ब्रूमला नव्हते. सुमारे तासाभरात पंधरा फ्लाइंग बोटी जळून बुडाल्या. पाण्यावर पेट्रोल पेटले होते. निदान अठ्ठ्याऐंशी माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्याच सकाळी मनमोहन सिंग यांस मृत्यू आला. आकाशात ज्यांनी दोन खंड ओलांडले, त्यांस शत्रूने गाठले ते बांधलेल्या विमानापाशी, जेथे उडण्यास अवसर नव्हता. वैमानिकास ह्याहून कठीण प्रसंग कोणता, हे आम्हांस सुचत नाही.

परत जाताना त्याच झिरो विमानांनी ब्रूमच्या उत्तरेस एक डच प्रवासी विमान पाडले. ते समुद्रकाठी वाळूवर उतरले. एका तान्ह्या मुलासह चौघे दगावले. उरलेल्यांस पाण्यावाचून कित्येक दिवस काढावे लागले, आणि त्यांस शोधून वाचविले ते बीगल बे येथील आपल्या कॅथलिक मिशनमधून निघालेल्या माणसांनी. आमच्या वाचकांस हे ऐकून समाधान वाटेल, म्हणून येथे नमूद केले.

मनमोहन सिंग यांची रावळपिंडी १९४७ साली पाकिस्तानात गेली, आणि त्यांस आपला म्हणणारे गाव इकडे उरले नाही. ब्रूमला मात्र वर्षातून काही दिवस समुद्र फारच मागे हटतो, तेव्हा त्या विमानांचे गंजलेले सांगाडे चिखलात उघडे पडतात आणि लोक पायी चालत त्यांच्यापर्यंत जातात. भरती येण्याआधी त्यांस परतावे लागते.