पंडित सुंदरलाल: आपल्या आयाबहिणींचं दुःख कागदावर आणणारा माणूस

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, कुठेही जा, जुन्या मुस्लिम घरांत ‘पुलिस ॲक्शन’ हा शब्द आजही हळू आवाजातच निघतो. कोण मारलं गेलं, कुणाची जमीन गेली, कोण घरदार सोडून हैदराबादला गेलं, हे सांगितलं जातं. पण बायकांवर काय गुजरलं, इथवर गोष्ट आली की दादी-नानी गप्प होतात. ही गोष्ट त्याच वर्षी सरकारसमोर लेखी मांडणाऱ्यांत एक हिंदू पंडित होते. त्यांचं नाव पंडित सुंदरलाल. आपल्या मुलांना हे नाव माहीत असावं, म्हणून त्यांची ही ओळख.

सुंदरलाल हे उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खतौलीचे. १८५७ च्या उठावानंतर तीसेक वर्षांनी त्यांचा जन्म झाला. शिक्षण लाहोर आणि अलाहाबादला. तरुणपणी लाला लजपतराय यांचा प्रभाव, क्रांतिकारकांशी संबंध, मग अलाहाबादहून ‘कर्मयोगी’ हे पत्र. पुढे गांधीजींच्या चळवळीत आले. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आपण पुस्तकात शिकवतो. त्याची सुरुवात जबलपूरला झाली होती आणि तिथल्या पुढाऱ्यांत सुंदरलाल होते. त्यासाठी तुरुंगातही गेले. १९२९ मध्ये त्यांचं ‘भारत में अंगरेज़ी राज’ हे पुस्तक निघालं आणि इंग्रजांनी ते लगेच जप्त केलं. हिंदू-मुसलमानांनी एकमेकांचा धर्म नीट समजून घ्यावा, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. गीता आणि कुरआनवर त्यांनी एकत्र पुस्तक लिहिलं, हजरत मुहम्मद (स.) यांच्यावरही लिहिलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज हैदराबाद संस्थानात आली आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी खेड्यापाड्यांत हिंदूंवर अत्याचार केले होते, त्यात बायकाही सुटल्या नव्हत्या. हे आपण लपवू नये. पण फौज आल्यावर त्याचा सूड अशा लोकांवर निघाला ज्यांचा रझाकारांशी काहीच संबंध नव्हता. बातम्या दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ पाठवलं. प्रमुख सुंदरलाल, वय साठीच्या पुढे. सोबत उर्दूचे नामवंत लेखक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री.

२९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हे मंडळ संस्थानातल्या १६ पैकी नऊ जिल्ह्यांत फिरलं. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांना ते भेटले. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज कमीत कमी धरून २७ ते ४० हजार सांगितला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेडला, त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदकला. या आठांत परभणीचं नाव नाही. पण आपल्या सोयरिकी तर नांदेड-बीड-औरंगाबादलाच आहेत. तिथलं दुःख लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आपल्या घरांतही आलं.

अहवालात खुनांच्या बरोबरीने बलात्कारांची आणि पळवून नेलेल्या बायकांची नोंद आहे. काही बायकांना सोलापूर-नागपूरपर्यंत नेलं गेलं, हेही त्यात आहे. त्या काळी अशा गोष्टीवर पांघरूण घालणं हीच शराफत समजली जायची. या तिघांनी पांघरूण घातलं नाही. त्यांनी हा बायकांचा कलंक मानला नाही, करणाऱ्यांचा गुन्हा म्हणून लिहिला.

त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम विणकर भावांना वाचवलं आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. पळवलेल्या मुस्लिम बायकांना शोधून परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. सूड घेणारा समाज होता, तसा बायकांना घरी पोहोचवणाराही होता.

सरदार पटेलांना अहवाल पटला नाही. सरकारने तो छापला नाही, तो कित्येक दशकं दडून राहिला. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो सविस्तर आला. सुंदरलाल त्याआधीच, १९८१ मध्ये वारले होते.

आता सवाल आपला आहे. परत आलेल्या बाईला घर कसं वागवतं? बांगलादेशात १९७१ नंतर सरकारने अशा बायकांना ‘वीरांगना’ म्हटलं, पण कित्येक घरांनी त्यांना दारात घेतलं नाही. नुसत्या किताबाने घर मिळत नाही. याउलट इराकमधल्या यझिदी समाजात, आयसिसच्या तावडीतून सुटून आलेल्या मुलींना इज्जतीने सामील करून घ्या, असं त्यांच्या धर्मगुरूंनी जाहीर केलं आणि बऱ्याच मुलींना घरची दारं उघडली. म्हणजे समाजातला मोठा माणूस उघडपणे बोलला की फरक पडतो. आपल्याकडे हे काम मशिदीतल्या इमामसाहेबांचं, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचं आणि आम्हा शिक्षकांचं आहे. सूरह नूरमध्ये जबरदस्ती झालेल्या बाईसाठी माफी आणि रहमतच आहे, आणि पाकदामन बाईवर तोहमत लावणाऱ्याला कडक सजा आहे. मग मोहल्ल्यात कुजबूज करणारे आपण कोण?

देशाचा कायदाही आता याच बाजूने आहे. दंगलीतल्या बलात्काराला वेगळी, जास्त कडक शिक्षा आहे. पीडितेचं नाव छापणं किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणं हा गुन्हा आहे. इलाज मोफत करणं प्रत्येक दवाखान्याला, मग तो सरकारी असो की खाजगी, बंधनकारक आहे. आणि आज जी बळी पडते ती कुठल्याही धर्माची असो, तिच्यासाठी उभं राहणं आपल्यावरच आहे. विणकरांनी धर्म विचारला नव्हता.

१७ सप्टेंबरला शाळेत झेंडा फडकतो, तो आपलाही आहे. त्या दिवशी मुलांना स्वातंत्र्यसैनिकांबरोबर सुंदरलालांचंही नाव सांगू या. आणि घरात कुणी नानी, कुणी खाला कधी बोलू लागली तर मधेच तोडू नका, खोदून विचारूही नका. ती जेवढं सांगेल तेवढं शांतपणे ऐका.